नवडावी नाख्यो

शुक्रवारी बाजारात रमझानभाई
तांब्याचा पैसा आधी जिभेला लावतो,
मग सदऱ्याच्या टोकाला घासतो,
मग माझ्यापुढे धरतो.
"जुओ बेन, संवत वंचाय छे."

मी संवत वाचत नाही.
मी त्याची थुंकी वाचते.

एकतीस वर्षं, इथेच बडोद्यात,
मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर
लोकांच्या थुंकीवरच माझं पोट भरलं.
निळ्या काचेवर लाल काड्या शोधायच्या,
कागदावर मांडायचं :
एक अधिक, दोन अधिक, तीन अधिक.
तीन अधिकवाला बाहेर बाकावर
केळं सोलत बसलेला असायचा.
तेव्हापासून मी कडी कोपराने उघडते,
रिक्षावाल्याला म्हणते, सुटे राहू दे,
भाजीवालीला म्हणते, राहू दे गं.
अच्युत होता तोवर हिशेब ठेवायचा,
म्हणायचा, तुझ्या राहू दे-राहू देत
एक स्कूटर आली असती.

आणि छंद कसला, तर नाण्यांचा.
हे कुणाला सांगायची सोय नाही.

तोच केळंवाला नवव्या महिन्यात आला,
अंगावर मूठभर मांस चढलेलं,
रुमालाची गाठ सोडून त्याने टेबलावर ठेवला
गायकवाडी पैसा :
घोड्याचा खूर, खाली समशेर.
म्हणाला, घरात दुसरं काही नाही.
मी तो चिमट्याने उचलला.
त्याने पाहिलं, मी चिमट्याने उचलला ते.

घरी आणून चिंच, मीठ, मग स्पिरिट,
मग पुन्हा चिंच.
सकाळी बशीत एक गुलाबी चकती,
नुकत्या जन्मलेल्या उंदरासारखी.
खूर कुठे होता ते
फक्त मला माहीत.

रमझानभाईने ती उलटी केली, सुलटी केली.
"आ तो तमे नवडावी नाख्यो."
गुजरातीत नवडावणं म्हणजे आंघोळ घालणं,
आणि बुडवणंही.
शंभर वर्षांचा काळसर थर,
हजार बोटांचं तेल, घाम, तंबाखू,
तीच त्याची किंमत, म्हणाला,
ती तुम्ही मोरीत सोडली.

त्यानंतर एकही धुतला नाही.
सव्वाशे पैसे आहेत, प्रत्येक वेगळ्या पाकिटात,
आणि पाकिटांची पाकिटं वेगळ्या डब्यात,
आणि डबा देवघरापासून लांब.

निवृत्त व्हायच्या आदल्या आठवड्यात
किंजलने माझ्यासाठी दोन थाळ्या ओतल्या.
एकीवर पैसा ठेवला,
एकीवर मी अंगठा टेकवला,
तीनदा धुतलेला.
दोन रात्री उबेत.

अंगठ्यावर उगवलं होतं शेत,
पांढरे, पिवळे ठिपके,
रेघांच्या वळणावरून नीट पेरल्यासारखे.
पैशाखाली काही नाही.
पैशाभोवतीही, बोटभर,
काही नाही.
तांब्याजवळ कुणी टिकत नाही, हे मी
स्वतः मुलींना शिकवत आले होते.
किंजलने थाळ्यांवर आधीच नावं लिहिली होती,
तिच्या गोल अक्षरात :
पैसा.
मावशी.

एवढं पाहून भीती गेली असेल
असं वाटत असेल तर नाही गेली.
फक्त तिचा पत्ता बदलला.
आता रात्री जाग येते आणि मी
अंगठा पांघरुणाबाहेर ठेवते.

काल शुक्रवार.
रमझानभाईने जीभ लावली, घासलं, पुढे केलं.
चिमटा पर्समध्ये होता.
मी हात पुढे केला, नुसता.
तो क्षणभर थांबला, माझ्या तोंडाकडे बघत,
मग पैसा तळहातावर ठेवला,
ओला, कोमट.
मांडवीपर्यंत मूठ मिटून चालत आले,
डाव्या हाताने रिक्षा थांबवली,
डाव्या हाताने सुटे घेतले,
तेही घेतले.

घरी येऊन पैसा खिडकीत टिपकागदावर ठेवला
आणि हात धुतले.
किती वेळा ते सांगत नाही.
नळ कोपराने बंद केला.
खिडकीत थुंकी वाळत होती,
एका कडेने, सावकाश,
एकोणीसशे...
पुढचे दोन आकडे अजून ओले.